जीएसटी उतरला, अनुदान आलं. पण घरात आलेली वस्तू कमावणारी की खाणारी?

दिवाळीच्या आधी बातमीच्या कामासाठी तालुक्याला गेलो होतो. रस्त्याच्या एका बाजूला ट्रॅक्टरचं शोरूम, समोर मोटारसायकलचं. दोन्हीकडं फ्लेक्सवर एकच मजकूर, जीएसटी कमी झाला, आजच बुक करा. दोन्हीकडं गर्दी आपल्याच माणसांची. त्यातल्या निम्म्या लोकांचं सोयाबीन महिनाभरापूर्वी रानातच कुजलं होतं, हे मला माहीत होतं, कारण पंचनाम्याच्या बातम्या मीच दिल्या होत्या.

एक ओळखीचे पाहुणे भेटले. म्हणले, "अनुदान पडलंय खात्यावर. थोडं सोनं ठेवतो आणि पोराला गाडी घेतो. सरकारनंच स्वस्त केलीय म्हणल्यावर आत्ताच घेतलेली बरी."

मी म्हणलं, "गाडी कशाला पाहिजे?"

"म्हणजे? गाडी कशाला लागती का कुणाला सांगायला?"

त्यांचं चुकलं असं नाही. पण प्रश्न डोक्यात राहिला. बारावीला आम्हाला अर्थशास्त्र होतं. त्यात उपभोग्य वस्तू आणि भांडवली वस्तू असा एक धडा होता, चार मार्कांचा प्रश्न हमखास यायचा. पाठ करून लिहिला आणि विसरलो. पुढं त्याच चार मार्कांनी मला चांगला फटका दिला. तो हिशोब खाली मांडतोच. आधी या वर्षी काय घडलं ते बघू.

एकाच आठवड्यात दोन गोष्टी

जीएसटी परिषदेनं ३ सप्टेंबर २०२५ ला दर बदलले आणि नवे दर २२ सप्टेंबरपासून लागू झाले. ट्रॅक्टर १२ टक्क्यांवरून ५ वर आला. ट्रॅक्टरचे टायर आणि सुटे भाग १८ वरून ५ वर. ठिबक, तुषार संच, मळणी यंत्र, नांगरणी-पेरणीची अवजारं १२ वरून ५ वर. ३५० सीसीपर्यंतची मोटारसायकल २८ वरून १८ वर. मोठा टीव्ही आणि एसीसुद्धा २८ वरून १८ वर.

नेमक्या त्याच दिवसांत आपल्या धाराशिव जिल्ह्यात भूम-परंड्याच्या पट्ट्यात पाऊस असा झाला, की माणसं हेलिकॉप्टरनं काढावी लागली. सीनाकाठच्या रानात नुसतं पीक गेलं नाही, मातीही गेली. आमचं रान जरा उंचावर आहे. आमचं सोयाबीन गेलं, पण माती जागेवर राहिली. नदीकाठच्या भावकीचं सोयाबीन तर गेलंच, वर वीतभर मातीसुद्धा गेली, खाली मुरूम उघडा पडला. मोटर वाहून गेली, विहीर गाळानं भरली, गोठ्यातल्या दोन गाई गेल्या.

नुकसान दोघांचं. पण माझं एका हंगामाचं उत्पन्न गेलं आणि त्यांचं उत्पन्न काढायचं साधनच गेलं. मी पुढच्या पेरणीला उभा राहू शकतो, त्यांना आधी रान उभं करायला लागेल. भांडवल म्हणजे काय, हे पुस्तकात नीट कळलं नव्हतं, ते या पाण्यानं दाखवलं.

सरकारच्या मदतीच्या यादीतही हा फरक दिसतो. ७ ऑक्टोबरला राज्य सरकारनं ३१ हजार ६२८ कोटींचं पॅकेज जाहीर केलं. त्यात पिकाच्या नुकसानीचा कप्पा वेगळा आहे. बी-बियाणं आणि रब्बीच्या तयारीसाठी हेक्टरी १० हजार वेगळे. खरडून गेलेल्या जमिनीला हेक्टरी ४७ हजार रोख आणि रोजगार हमीतून ३ लाखांपर्यंतचं काम. गाळ भरलेल्या विहिरीला ३० हजार. दुभत्या जनावराला ३७ हजार ५००, ओढकामाच्या जनावराला ३२ हजार. पीक एका कप्प्यात. जमीन, विहीर, गाय, बैल दुसऱ्या कप्प्यात. आपल्या खात्यावर मात्र पैसे आले की सगळे एकाच आकड्यात दिसतात. कप्पे पुसले जातात. पाहुण्यांनी गाडीचा विचार केला तो त्या एका आकड्याकडं बघून.

फरक वस्तूत नाही, वापरात आहे

आता धड्याकडं येऊ. जी वस्तू आपण वापरली आणि आपली गरज भागली, तिथं तिचं काम संपलं, ती उपभोग्य वस्तू. भाकरी, साबण, लुगडं, टीव्ही. काही एका दिवसात संपतात, काही दहा वर्षं टिकतात. टिकली म्हणून ती भांडवली होत नाही. फ्रीज पंधरा वर्षं चालला तरी घरात तो उपभोगच. जी वस्तू दुसरी वस्तू तयार करायला किंवा कमाई करायला कामी येते आणि एका हंगामात संपत नाही, ती भांडवली वस्तू. नांगर, विहिरीवरची मोटर, ठिबक, पिठाची गिरणी, शिलाई मशीन, दुभती गाय.

मधे तिसरा प्रकार येतो. खत, औषध, डिझेल. हेसुद्धा उत्पन्नासाठीच लागतं, पण एका हंगामात पिकात जिरून जातं. त्याला कच्चा माल म्हणा. त्यात गुंतलेला पैसा म्हणजे खेळतं भांडवल. दर हंगामाला तो बाहेर जातो आणि माल विकला की परत यायला पाहिजे. आला नाही तर पुढची पेरणी उसनवारीवर.

पण खरी गंमत पुढं आहे. एकच वस्तू एका घरात उपभोग्य आणि दुसऱ्या घरात भांडवली असते. घरच्या पोरांना दूध मिळावं म्हणून पाळलेली शेळी वेगळी आणि करडं विकून संसार चालवणारी शेळी वेगळी. हॉटेलातला फ्रीज कमावतो, आपल्या घरातला खातो.

ॲडम स्मिथ नावाच्या स्कॉटलंडच्या माणसानं १७७६ साली या विषयावर मोठा ग्रंथ लिहिला. अर्थशास्त्राची सुरुवात तिथून धरतात. त्यानं शेतकऱ्याच्या गोठ्यातलंच उदाहरण घेतलंय. कामाचा बैल हे शेतकऱ्याचं स्थिर भांडवल, अवजारासारखंच. पण तेच जनावर चारून, धष्टपुष्ट करून विकायला ठेवलं तर ते फिरतं भांडवल, कारण नफा ते विकल्यावरच मिळतो. आणि स्वतः राहायला बांधलेलं घर? ते भांडवल नाहीच, असं त्याचं म्हणणं, कारण त्यात राहणाऱ्याला ते काही कमावून देत नाही. अडीचशे वर्षांपूर्वीचं लिहिणं आहे, पण आपल्याकडं अजून पटायला जड जातं. बंगला बांधला की आपण म्हणतो, माणूस मोठा झाला. राहायला घर पाहिजेच, पण हप्ता भरणारं दुसरं काहीतरी लागतं.

सरकारच्या औद्योगिक आकडेवारीत मोटारसायकल टिकाऊ उपभोग्य वस्तूंत मोजतात. देशाच्या आकड्यासाठी ते ठीकच. पण आमच्या गावातला एक पोरगा रोज पहाटे त्याच मोटारसायकलला दोन्ही अंगाला कॅन लटकवून पाच वाड्यांचं दूध डेअरीला घालतो. त्याची गाडी भांडवली आहे. आकडेवारीला कॅन दिसत नाहीत, आपल्याला दिसले पाहिजेत.

आमच्या ट्रॅक्टरचा हिशोब

आता माझी गोष्ट. २०१७ साली आम्ही दोघा भावांनी मिळून ट्रॅक्टर घेतला. किंमत साडेसहा लाख. दीड लाख रोख भरले, त्यातले काही सोसायटीचे, काही बहिणीकडून. पाच लाखांचं कर्ज साडेबारा टक्क्यांनी, पाच वर्षांसाठी. सहामाही हप्ता जवळपास ६८ हजार ७००, म्हणजे वर्षाला १ लाख ३७ हजारांच्या पुढं. आमचं दोघांचं मिळून रान पाच एकर.

पूजा केली, पेढे वाटले. आई म्हणली, "आता कुणाच्या दारात नांगरासाठी जायला नको." तिच्यासाठी ती किंमत मोठी होती, ती मी कमी लेखत नाही.

वर्ष झाल्यावर वहीत तास मोजले. आमच्या पाच एकराला नांगरट, रोटा, पेरणी धरून ६० तास. बाहेरचं काम मिळालं १५० तास. त्या वेळी तासाला ७०० रुपये भाडं होतं. तासाला २४० रुपयांचं डिझेल आणि चालक, ऑइल, किरकोळ दुरुस्ती धरून ११० रुपये. हातात राहायचे ३५०. म्हणजे बाहेरच्या कामातून ५२ हजार ५००. स्वतःच्या रानात भाडं वाचलं ते डिझेल वजा जाता २७ हजार ६००. दोन्ही मिळून ८० हजार १००. हप्ता १ लाख ३७ हजार. दर वर्षी ५७ हजार रुपये कमी.

हे ५७ हजार कुठून आले? पहिल्या वर्षी सोयाबीनच्या पैशातून. दुसऱ्या वर्षी थोरल्या वहिनीच्या पाटल्या गेल्या. तिसऱ्या वर्षी दुभती म्हैस विकली. इथं धडा उलटा फिरला बघा. भांडवल समजून घेतलेल्या ट्रॅक्टरसाठी आम्ही खरं भांडवल, दूध देणारी म्हैस, विकली. त्या वर्षाअखेरी ट्रॅक्टरही विकला. भाऊ आठ महिने माझ्याशी नीट बोलला नाही.

ट्रॅक्टर वाईट होता का? अजिबात नाही. ज्यांनी तो घेतला त्यांचं रान जास्त, शिवाय ऊसाची वाहतूक. त्यांच्याकडं तो अजून कमावतोय. आमच्याकडं तो वर्षातले बहुतेक दिवस लिंबाखाली उभा असायचा. हप्ता मात्र उभा राहत नाही, तो चालतच असतो. आमच्या खर्चात तो ट्रॅक्टर पेलायला घरच्या ६० तासांबरोबर बाहेरचे किमान ३१५ तास पाहिजे होते. हे गणित घेण्याआधी अर्ध्या तासात झालं असतं. आम्ही ते घेतल्यानंतर तीन वर्षांनी केलं.

शिवाय घसारा आम्ही धरलाच नव्हता. भांडवली वस्तू दर वर्षी थोडी झिजते. ती झीज कमाईतून बाजूला काढली नाही, तर वस्तू संपते तेव्हा नवी घ्यायला हातात काही नसतं. कारखानदार ही झीज हिशोबात धरून मगच नफा काढतो. आपण टायर फुटला की जागे होतो.

कर कमी झाला, त्याचा खरा अर्थ

जीएसटी कमी झाला हे चांगलंच झालं, आणि आपल्यासाठी ते शहरातल्या उद्योजकापेक्षा जास्त महत्त्वाचं आहे. कारण सांगतो.

कारखानदार मशीन घेतो तेव्हा त्यावर जीएसटी भरतो. पण पुढं स्वतःच्या मालावर जो कर त्याला भरायचा असतो, त्यातून हा भरलेला कर तो वळता करून घेतो. म्हणजे मशीनवरचा कर शेवटी त्याच्या अंगावर राहत नाही. शेतकऱ्याला शेतमालासाठी जीएसटी नोंदणीच लागत नाही. ही सवलत आहे, पण तिची दुसरी बाजू अशी, की आपल्याला काही वळतं करून घेता येत नाही. भाड्यानं दुसऱ्याचं रान नांगरून दिलं तर ते कामही करमुक्त, त्यामुळं तिथंही काही परत मिळत नाही. ट्रॅक्टरवर भरलेला कर सगळाच्या सगळा आपल्याच डोक्यावर.

थोडक्यात, करापुरतं बोलायचं तर आपण शेवटचे ग्राहक. आपला ट्रॅक्टर म्हणजे शहरातल्या घरातला फ्रीज. नांगर धरणारा माणूस कायद्याच्या वहीत उपभोग घेणारा ठरतो. म्हणून १२ चा ५ झाला हा नुसता सणाचा सेल नाही. करमुक्त किंमत सात लाख धरली तर कर आधी ८४ हजार होता, आता ३५ हजार. ४९ हजार वाचले. करमुक्त ८० हजारांच्या मोटारसायकलवर कर २२ हजार ४०० होता, आता १४ हजार ४००. आठ हजार वाचले. ठिबकवरही १२ चा ५ झालाय. माझ्या मते आपल्या भागाला सगळ्यात जास्त उपयोग त्याचा आहे, आणि त्याचा फ्लेक्स मला कुठंच दिसला नाही.

पण ४९ हजारांनी आमचा ट्रॅक्टर वाचला असता का? वर्षाला ५७ हजारांची तूट होती. ही सवलत एका वर्षाच्या तुटीलाही पुरली नसती. स्वस्त झाल्यानं वस्तू भांडवली होत नाही. कामाचे तास भरले तरच होते.

मग काय घ्यायचंच नाही का?

असं कोण म्हणतंय? उपभोग म्हणजे उधळपट्टी नव्हे. पोराचं शिक्षण, म्हाताऱ्यांचं औषध, दिवाळीला अंगावर नवं कापड, यासाठीच तर राबायचं. भांडवल शेवटी कशासाठी असतं? घरातल्या माणसांनी चांगलं खावं, चांगलं राहावं म्हणूनच. प्रश्न एवढाच, की कुठली वस्तू कुठल्या पैशातून घ्यायची.

बँकेनंसुद्धा हे ओळखलंय. किसान क्रेडिट कार्डाची मर्यादा ठरवताना पीक लागवडीच्या खर्चावर १० टक्के रक्कम काढणीनंतरच्या आणि घरखर्चाच्या गरजेसाठी धरतात आणि २० टक्के शेतीच्या साधनांच्या देखभालीसाठी. म्हणजे शेतकऱ्याला घरही चालवायचं असतं हे मान्य आहे. पण ते दहात एक. आपल्याकडं काही घरांत उलटं होतं. पीककर्ज उचललं की आधी लग्न, मग गाडी, आणि उरलं तर खत.

आणि काही वेळा माणसाचा इलाज नसतो. नदीकाठच्या ज्या भावकीच्या गाई गेल्या, त्यांना जनावराची मदत मिळाली. त्याच महिन्यात घरात आजारपण निघालं आणि ते पैसे दवाखान्यात गेले. गोठा अजून मोकळाच आहे. त्यांना कुणी शहाणपण शिकवू नये. पण एवढं खरं, की गाईचे पैसे आजारपणानं खाल्ले आणि पुढच्या वर्षी त्या घरात दुधाचा पैसा येणार नाही. मदत पोहोचली असं कागद म्हणेल. भांडवल परत उभं राहिलं नाही. मदतीच्या बातम्या देताना आम्हा बातमीदारांकडूनही हे सुटतं. आम्ही किती कोटी वाटले ते लिहितो, किती गोठे पुन्हा भरले ते लिहीत नाही.

बचत गटातल्या बायका मात्र या बाबतीत आपल्यापेक्षा पुढं आहेत, असं माझं निरीक्षण आहे. आमच्या गल्लीत एका मावशीनं गटातून कर्ज काढून शिलाई मशीन घेतलं. घेण्याआधी तिनं पंधरा दिवस गावात फिरून विचारलं, ब्लाउज शिवायला कुठं टाकता, किती देता, माझ्याकडं टाकाल का? बारा जणींनी हो म्हणल्यावर मशीन आणलं. बारावीच्या पुस्तकातला धडा तिनं कधी बघितला नाही, पण पेपर तिचा बरोबर आला.

म्हणून मंडळी, शोरूमच्या पायरीवर चढण्याआधी वहीत तीन ओळी लिहा. एक, ही वस्तू वर्षातले किती दिवस किंवा किती तास खरंच काम करणार? दोन, हप्ता तिच्याच कमाईतून जाणार, की दुसऱ्या कशातून? तीन, ती झिजून जाईल तेव्हा नवीसाठी पैसे कुठून येणार? दुसऱ्या ओळीचं उत्तर 'दुसऱ्या कशातून' असेल तर ती वस्तू आपल्यासाठी उपभोग्य आहे, मग ती ट्रॅक्टर असली तरी. घ्यायची असेल तर शिलकीतून घ्या, पेरणीच्या किंवा गाईच्या पैशातून नको. आणि एकट्याला तास भरत नसतील तर चौघांत मिळून घ्या. गटाची अवजारे बँक असली की तेच यंत्र चार रानांत फिरतं आणि लिंबाखाली कमी उभं राहतं.

ते पाहुणे परवा पुन्हा भेटले. गाडी घेतली होती, नवी कोरी, हाराचं फूल अजून हँडलला अडकलेलं. मी काही बोलायच्या आत तेच म्हणले, "पोरगं उद्यापासून भाजी घेऊन बाजारला जाणाराय. बघू."

बघू. सोन्यावरचं व्याज महिन्याच्या महिन्याला वाढतंय आणि बाजार आठवड्यातून एकदाच भरतो. पोरानं आजूबाजूचे आणखी दोन बाजार धरले तर गाडी स्वतःचे पैसे फेडेल. नाही धरले तर उन्हाळ्यात दावणीचं काहीतरी सुटेल. आमच्या दावणीची म्हैस सुटली तेव्हा ती गल्लीच्या टोकापर्यंत मागं वळून बघत होती. ते पाहुण्यांवर येऊ नये, एवढंच.